शेवटच्याच्या मागे

१

जालन्यात राहून हिमालयात माणसं नेतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, सराव कुठे करता? सराव आम्ही जिन्यावर करतो. एमआयडीसीत बियाण्यांचा एक कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. त्याची मुख्य इमारत अरुंद आणि चांगली उंच आहे, कारण वर ओतलेलं बियाणं चाळण्यांमधून घरंगळत खाली यायचं. यंत्रं गेली, जिना राहिला. मालकाच्या बहिणीला मी एकदा एका अवघड खिंडीपलीकडे नेऊन सुखरूप परत आणलं होतं, तेव्हापासून त्या इमारतीची किल्ली माझ्याकडेच असते.

सकाळी ऊन तापायच्या आत आमची मंडळी सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरून तो जिना चढतात, उतरतात आणि परत चढतात. शेजारच्या रीरोलिंग मिलमध्ये लोखंड आदळत असतं. पायऱ्यांवर बियाण्याला लावायच्या औषधाची गुलाबी पूड अजून साचलेली आहे, ती बुटांना लागून घरी येते. उमाताई दर मजल्यावर माझ्या नावाने बोटं मोडतात. त्या दातांच्या डॉक्टर आहेत. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवतात म्हणून सकाळी स्वतःचं चालवून घेतात, असं मी त्यांना म्हणते.

मी प्रीती, बदनापूरची. आधी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. ते सोडून डोंगरात गेले तेव्हा आईने माझ्याशी बराच काळ अबोला धरला होता. वसंतादादा घनसावंगीकडचा, माझ्याहून बराच मोठा. पूर्वी तो तिकडे काळीपिवळी जीप चालवायचा. माणसं कोंबून का होईना पण सगळी पोचवायचो, एवढीच आपली लायकी, असं तो स्वतःबद्दल सांगतो. त्याच्याइतका चांगला गाइड मी दुसरा पाहिलेला नाही.

डोंगरात मी पुढे असते आणि दादा शेवटी. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही हा आमचा पहिला नियम. पुढचा वळला की पाठोपाठ सगळी रांग वळते, पाठीवरची ओझी हलतात आणि अरुंद वाटेवर कुणाचा तरी पाय सुटतो. म्हणून मी बघत नाही, विचारते. दर वळणावर मोठ्याने "मागं?" म्हणते. दादा सगळ्यांवरून नजर फिरवतो आणि "बराबर" म्हणतो. ते ऐकल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही, आणि ऐकल्यावर थांबत नाही. उत्तरेकडचे गाइड आमच्या या 'बराबर'ची नक्कल करून हसतात. हसू देत. त्या शब्दावर भरवसा ठेवून आम्ही आजवर सगळ्यांना खाली आणलं आहे.

२

एप्रिलच्या सुरुवातीची गोष्ट. जूनच्या मोहिमेसाठी सराव सुरू होता. मधल्या एका मजल्यावर वळणाशी मी "मागं?" म्हटलं. खालून दादाचं "बराबर" आलं. मी पाय उचलला आणि त्याच्याही खालून, एखाद्या मजल्याच्या अंतरावरून, पुन्हा "बराबर" आलं.

आवाज दादाचाच होता. मला वाटलं, जिन्यात घुमला असेल. रिकामी इमारत, उंच जिना, घुमणारच. मी पुढे गेले. पण पुढच्या वळणावरही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही.

वर गच्चीवर पोचल्यावर मी उमाताईंना सहज विचारलं, आज आवाज जास्त घुमतोय का? त्या म्हणाल्या, मला माझ्या छातीतल्या धडधडीशिवाय काही ऐकू येत नाही. दादा शेवटी वर आला. आमच्या रिवाजाप्रमाणे मी त्याच्या खांद्यावरून सॅक उतरवून घेतली. शेवटच्याने स्वतःचं ओझं स्वतः उतरवायचं नसतं, ते पुढच्याने उतरवायचं. एरवी यावर तो काहीतरी चेष्टा करतो. त्या दिवशी तो गच्चीच्या दाराकडे पाठ करून उभा राहिला आणि सगळे खाली उतरायला लागेपर्यंत तिथून हलला नाही.

३

आमच्या घरात देव नव्हते आणि भुतंही नव्हती. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव टोपलीत घालून दुधना नदीत सोडले, आणि भुतंही त्याच टोपलीत गेली, असं वडील सांगायचे. त्यामुळे मी घाबरले नाही. मी विचार केला, आणि विचार करणंच महागात पडलं.

प्रतिध्वनी शब्द निवडत नाही. दादाचा "बराबर" घुमत असेल, तर माझा "मागं?" सुद्धा घुमायला हवा, माझा आवाज त्याच्यापेक्षा मोठा आहे. मी मुद्दाम वेगवेगळ्या मजल्यांवर थांबून ओरडून बघितलं. टाळ्या वाजवल्या. उमाताईंना गाणं म्हणायला लावलं, त्यांनी ते आनंदाने आणि बेसूर म्हटलं. काहीही परत आलं नाही. भिंतींवर जुन्या बियाण्याच्या गोण्या टांगून ठेवलेल्या होत्या, त्या सगळा आवाज पिऊन टाकत होत्या. फक्त दादाचं उत्तर तेवढं दोनदा येत होतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. सगळ्यात खालच्या वळणावर रोज एक ओला डाग दिसायचा. तिथली गुलाबी पूड भिजून गडद झालेली असायची. कुणाची तरी बाटली गळत असेल, असं मी धरून चालले. पण आमच्यातलं कुणी तिथे बसत नव्हतं. मी बोटाने ते पाणी चाचपलं. बाहेर उन्हाने पत्रे तापले होते आणि पाणी बर्फाच्या पाण्यासारखं गार होतं. सावलीत राहिल्यामुळे असेल, असं मी म्हटलं. मी तेव्हा बरंच काही म्हणत होते.

४

त्याच आठवड्यात दादाने सांगितलं की तो जूनला येणार नाही. कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथे आम्ही बसलो होतो. मिलची पाळी सुटून माणसं मोटारसायकलवरून घरी निघाली होती. मला वाटलं, गुडघा दुखत असेल किंवा घरची अडचण असेल. मी तशी विचारपूसही केली. त्याने ग्लास खाली ठेवला.

"माझ्या मागं कोणीतरी चालून राह्यलंय, प्रीते," तो म्हणाला.

त्यालाही ते दुसरं उत्तर ऐकू येत होतं, एवढं मला कळलं. डोंगरात इतकी वर्षं तो शेवटी चालला. शेवटच्याच्या मागे कुणी नसतं, आणि म्हणूनच त्याला मागे बघायची कधी गरज पडत नाही.

मग त्याने गेल्या सप्टेंबरबद्दल सांगितलं. खिंडीवरून उतरताना अचानक धुकं आलं होतं आणि बर्फाच्या उतारावर मला माझे स्वतःचे बूट दिसत नव्हते. त्या गडबडीत आईने विणलेला माझा हिरवा हातमोजाही कुठेतरी पडला. मी दर थोड्या अंतरावर विचारत होते, उत्तर येत होतं आणि मी रांग खाली नेत होते. आम्ही तळावर पोचल्यावर दादा खूप उशिराने एकटा आला. त्याचा आवाज पार गेला होता. वाटेवरच्या खुणेच्या झेंड्या गोळा करायला तो थांबला असेल, असं मला वाटलं. मी त्याची सॅक उतरवली आणि त्याला गरम पाणी दिलं.

"त्या उतारावर मी खाली बसल्तो," दादा म्हणाला. "पाय मुरगळला. तुला हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच न्हाई. मी म्हटलं, काही हरकत न्हाई. प्रीती विचारंल, उत्तर आलं न्हाई की थांबंल. तू विचारलं. मी ऐकलं. अन् तू निघून गेली."

"तू उत्तर दिलंस, दादा. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"मी न्हाई दिलं."

तो चिडून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो अगदी शांतपणे बोलत होता. सगळा हिवाळा त्याने हे मनात ठेवलं होतं, माझ्याबरोबर रेल्वेने आला होता, माझ्या घरी जेवला होता. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. ज्या नियमावर आम्ही दोघं उभे होतो तो मी मोडला, असं त्याला इतके महिने वाटत होतं.

५

रात्रभर वाद घालायला समोर कुणी नव्हतं, म्हणून मी स्वतःशीच घातला. तिथे हवा विरळ असते, डोकं जड होतं, माणसाला नसलेलं दिसतं आणि ऐकू येतं. हे मीच नव्या लोकांना समजावून सांगते. आता माझ्यासमोर दोन शक्यता होत्या. दादाने उत्तर दिलं आणि तो ते विसरला, किंवा त्याने दिलं नाही आणि मला ऐकू आलं. तिसरी शक्यता मी फळ्यावर लिहायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सराव नव्हता. दुपारी मी एकटीच कारखान्यात गेले. दार आतून लावून घेतलं, कडी ओढून बघितली आणि रिकाम्या पाठीने वर चढले. मिल त्या दिवशी बंद होती. माझ्या बुटांचा पायऱ्यांवर घासणारा आवाज, गोण्यांमागे पारव्यांची फडफड, एवढंच काय ते ऐकू येत होतं. मधल्या मजल्यावर वळणाशी पोचले आणि सवयीने, खरंच फक्त सवयीने, माझ्या तोंडून "मागं?" निघून गेलं.

"बराबर."

दादाचा आवाज, पण ताजातवाना, गेल्या सप्टेंबरच्या आधी असायचा तसा. सप्टेंबरनंतर दादाचा आवाज थोडा फाटलेलाच राहिला आहे. गेले काही दिवस मी दोन उत्तरं ऐकत होते आणि त्यातलं कुठलं जुनं, कुठलं नवं, हे मला तेव्हा कळलं.

मी मागे बघितलं नाही. नियम होता म्हणून नाही. बघितलं आणि तिथे कुणी नसलं तर पुढे काय करायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. वर गच्चीवर जाऊन उन्हात बसले. खाली उतरायला मला संध्याकाळ झाली, आणि शेवटच्या वळणावरचा ओला डाग मी उडी मारून ओलांडला.

६

तरीही शिकवण्याची खोड जात नाही. मी त्यावर प्रयोग शोधून काढला.

माझं म्हणणं असं होतं की पुढे चालणाऱ्याला उत्तराची इतकी सवय होते, की नसलेलं उत्तरही त्याचे कान स्वतःच तयार करतात. मला तेच झालं असणार. मग ते दुसऱ्या कुणालाही व्हायला हवं. मी दादाला म्हटलं, एक दिवस तू पुढे चाल, मी शेवटी राहते. मी उत्तरं देत राहीन, पण मधे कुठेतरी एका मजल्यावर मुद्दाम गप्प बसेन. तुला तिथेही उत्तर ऐकू आलं, तर मी तुला सोडून गेले नव्हते हे तुझं तुलाच पटेल.

"अन् न्हाई आलं तर?"

"तर तू तिथंच थांब. मी मान्य करीन, आणि जूनचं परत विचारणार नाही."

दादा हो म्हणाला, पण ते माझ्या प्रयोगासाठी नव्हे. एक दिवस तरी पाठीमागे माहितीचं माणूस असेल, असं तो पुटपुटला.

७

सकाळी नेहमीसारखी मंडळी जमली. दादा पुढे गेला, मधे उमाताई आणि बाकीचे, शेवटी मी. शेवटी चालणं वेगळंच असतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. पुढे सगळ्यांच्या पाठी दिसतात. आपल्या पाठीला मात्र काही नसतं, आणि ते काही नसणं सारखं जाणवत राहतं.

पहिल्या वळणावर दादाने "मागं?" विचारलं. मी खणखणीत "बराबर" म्हटलं. माझ्या मागे काहीच आवाज आला नाही. दुसऱ्या वळणावरही नाही. माझा जीव भांड्यात पडला. मिलमध्ये लोखंड आदळत होतं, उमाताई माझ्याऐवजी आज दादाच्या नावाने बोटं मोडत होत्या, आणि हे सगळे थकलेल्या डोक्याचे खेळ होते असं मला पहिल्यांदा मनापासून वाटलं.

मधल्या मजल्यावर गप्प बसायचं मी ठरवून ठेवलं होतं. दादाने विचारलं. मी ओठ मिटून उभी राहिले.

"बराबर," माझ्या मागून आलं.

आवाज माझा होता.

वर दादाची पावलं सुरू झाली. रांग हलली. थांब दादा, असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पोट आत ओढून, मानेच्या शिरा ताणून. साधा खोकलाही निघेना. उमाताईंची पाठ वळणाआड गेली. धावत जाऊन त्यांना धरावं असं मनात आलं, पण पाय जिन्याला चिकटल्यासारखे झाले, आणि मग मी ते केलं जे इतकी वर्षं करायचं नाही म्हणून शिकवत आले. कठड्यावरून वाकून मागे, खाली बघितलं.

खालच्या वळणावर कठडा धरलेला एक हात दिसला. फक्त हात. त्यावर हिरवा लोकरीचा हातमोजा होता, आईच्या टाक्यांचा, मनगटाशी पांढरी पट्टी असलेला. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात चढवला होता, त्यामुळे त्याचा अंगठा रिकामा, बाहेरच्या बाजूला लोंबत होता. त्यातून पाणी ठिबकत होतं. हात कठड्यावरून थोडा वर सरकला आणि थांबला. मी एक पायरी चढले. तो पुन्हा सरकला.

वरून दादाने विचारलं, "मागं?"

"बराबर," माझ्या आवाजात उत्तर गेलं. माझ्यापेक्षाही नीट, हसरं.

मी चढत राहिले. दुसरं काय करणार होते? दर वळणावर वरून प्रश्न यायचा, माझ्या मागून उत्तर जायचं, आणि मी मधे मुकी चालत होते. त्या उतारावर, धुक्यात, पाय मुरगळून बसलेल्या दादाचंही हेच झालं असणार. माझा प्रश्न त्याला ऐकू आला होता. त्याच्या मागून गेलेलं उत्तर त्याला ऐकू आलं नव्हतं, एवढाच काय तो फरक, किंवा आलं होतं आणि ते त्याने मला सांगितलं नव्हतं.

८

गच्चीवर ऊन लख्ख पडलं होतं. सगळे कठड्याला टेकून पाणी पीत होते. दादा माझ्याकडे आला, रिवाजाप्रमाणे माझ्या खांद्यावरून सॅक उतरवली, आणि त्याचा चेहरा बघून मला रडू फुटायचं बाकी राहिलं. सप्टेंबरनंतर त्याला असं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"तू गप बसनार व्हती ना?" तो म्हणाला. "एका पण वळणावर न्हाई बसली. मी बराबर ध्यान देऊन ऐकून राह्यलो व्हतो. तुला राहवलंच न्हाई."

मी मान हलवली, जोरात, नाही म्हणून. घशाकडे बोट दाखवलं.

"राहू दे, बोलू नको, दम लागलाय तुला." त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "प्रयोगासाठी पण तुला मला बिनउत्तराचं सोडता आलं न्हाई. मंग त्या दिशी तू काय सोडून जाशील? माझंच डोकं फिरल्तं, प्रीते. अन् आज मागं पण कोणी नव्हतं. तू व्हती."

मी त्याची बाही धरली. त्याला वाटलं, मला भरून आलंय. ते काही खोटं नव्हतं. त्याने माझा हात थोपटून बाजूला केला, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि मंडळींना चला म्हणाला. उतरतानाही आज तोच पुढे. रांग दाराकडे वळली, उमाताई कुरकुरत आत शिरल्या, एकेक पाठ जिन्याच्या सावलीत गेली. मी बाटली टाकून जमिनीवर पाय आपटले. मिलच्या दणक्यात ते कुणाला ऐकू जाणार. शेवटी मीही दारात आले. पाठीमागे मोकळी गच्ची होती आणि तिच्यावर नुसतं ऊन.

खालून, पहिल्या वळणावरून, मागे न बघता दादाने मोठ्याने आणि अगदी आनंदात विचारलं, "मंग जायचं ना जूनला, प्रीती? तू पुढं, मी मागं?"

मी दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली आणि घसा फाटेल इतकं तोंड उघडलं.

"बराबर," माझ्या मागून, उन्हातून, उत्तर गेलं.

"बास मंग," दादा म्हणाला, आणि उतरू लागला.